बर्लिन १९४८ : आभाळातून आलेला कोळसा

हे फुटेज नीट बघा. विमान बिल्डिंगांच्या मधून खाली येतंय असं वाटतं ना, तर यात कॅमेऱ्याची काही करामत नाही, खरंच तसंच उतरायचं. हे बर्लिनचं टेम्पलहॉफ विमानतळ, साल १९४८. शेजारी अख्ख्या सोसायट्या, वाटेत एक कब्रस्तान, आणि ती पोरं बघा विटांच्या ढिगाऱ्यावर चढून उभी आहेत. तीन-चार वर्षांपूर्वी असा आवाज आला की हीच पोरं आईचा हात धरून तळघरात पळायची.

आता या विमानात काय होतं? जो तो चॉकलेटची गोष्ट सांगतो. मी पण सांगणारे, पण आधी कोळसा.

तर झालं असं की महायुद्ध संपलं आणि जर्मनीचे चार वाटे पडले, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया. बर्लिन आलं रशियाच्या वाट्यात, पार आत, जवळजवळ १६० किलोमीटर, पण राजधानी म्हणून त्या शहराचेही परत चार वाटे केले. म्हणजे भावकीत वाटणी झाली आणि आपल्या खोलीला जायचा रस्ता दुसऱ्याच्या अंगणातून, अशातली गत. भांडण होणारच होतं, ते पैशावरून झालं. जुन्या नोटांना इतकी कमी किंमत उरली होती की काळ्या बाजारात लोक सिगारेटी देऊन सामान घ्यायचे. म्हणून जून १९४८ मध्ये पश्चिमेकडच्या तिघांनी नवीन चलन काढलं, डॉइश मार्क, आणि ते बर्लिनमध्येही आणलं. स्टालिनला ते झोंबलं. २४ जूनला रस्ते बंद, रेल्वे बंद, कालव्यातल्या बोटी बंद, पूर्वेकडून येणारी वीजही तोडली. कारण काय सांगितलं, तर तांत्रिक अडचण!

पश्चिमेकडच्या तिघांच्या वाट्यातल्या बर्लिनमध्ये आत अडकली वीस लाखांवर माणसं. धान्य साधारण ३६ दिवसांचं, कोळसा ४५ दिवसांचा.

आणि गंमत म्हणजे जमिनीवरून जायच्या हक्काचं कुणी धड लिहूनच घेतलं नव्हतं, सगळं तोंडी. लेखी होते फक्त तीन हवाई मार्ग, प्रत्येकी ३२ किलोमीटर रुंद, १९४५ साली कागदावर आलेले. त्या एका कागदावर शहर वाचलं म्हणा ना.

अमेरिकेचे जनरल क्ले यांनी ठरवलं, विमानाने सामान न्यायचं. आता हिशोब करा. शहराला रोज कमीत कमी साडेचार हजार टन सामान लागणार, आणि हाताशी असलेली डकोटा विमानं एका खेपेत उचलणार साडेतीन टन. म्हणजे दिवसाला जवळजवळ १,३०० खेपा, फुल लोड. सुरुवातीला तर हजार टनही पोचेना. मग मोठी चार इंजिनांची सी-५४ विमानं मागवली, दहा टनांची, आणि दुसरीकडे वजन कमी करायची डोकी लढवली. पाव न्यायचा नाही, त्यात पाणी असतं, पीठ न्यायचं. मटण हाडं काढून. बटाटे सगळे वाळवून, आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कीस घालतात ना तसलाच प्रकार, फक्त टनावारी, आणि लोकांना त्याची चव अजिबात आवडायची नाही पण सांगणार कुणाला. मीठ ही वेगळीच कटकट, ते सांडलं की विमानाला आतून गंज. त्यावर ब्रिटिशांनी पाण्यावर उतरणारी सुंदरलँड विमानं काढली, ती समुद्राच्या खाऱ्या पाण्यासाठीच बनलेली, आणि ती थेट बर्लिनच्या हाफेल नदीत उतरवली.

पण खरा माणूस इथे जनरल टनर, या सगळ्या विमान वाहतुकीचा प्रमुख. हा गडी युद्धात आसामच्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून चीनला माल पाठवायचं काम बघायचा, त्यामुळे बर्लिन त्याला सपाट रस्ताच. १३ ऑगस्ट १९४८, शुक्रवार, ढग बिल्डिंगांना टेकलेले, एक विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन पेटलं, मागच्याचे टायर फुटले, आणि वर बाकीची विमानं एकावर एक घिरट्या घालतायत, त्यातल्याच एकात टनर स्वतः बसलेला. त्याने रेडिओवरून सगळ्यांना परत पाठवलं. तिथून नियमच झाला, पहिल्या फटक्यात उतरता आलं नाही तर तसंच मागे फिरायचं, दुसरा चान्स नाही. वैमानिकाने विमान सोडून कुठे जायचं नाही, चहा-नाश्त्याची गाडीच विमानापाशी येणार. दर तीन मिनिटांनी एक विमान. शौर्यापेक्षा टाइमटेबल, आणि मला विचाराल तर तिथेच डाव फिरला.

आता चॉकलेट. गेल हॅल्वर्सन नावाचा अमेरिकन वैमानिक जुलैमध्ये टेम्पलहॉफच्या कुंपणापाशी गेला, पलीकडे पोरं. त्याच्या खिशात च्युइंगमच्या दोनच कांड्या. त्याने तुकडे करून दिल्या, आणि ज्यांना मिळाल्या नाहीत त्या पोरांनी भांडण नाही केलं, नुसता कागद हातोहात फिरवला आणि वास घेतला. तो म्हणाला उद्या वरून टाकतो. ओळखायचं कसं? पंख हलवीन! आणि रुमालांचे पॅराशूट करून त्याने खरंच टाकलं. पुढे सगळं मिळून वीसेक टन खाऊ पडला.

पण वीस टन. आणि एकूण आलेलं सामान साधारण तेवीस लाख टन, त्यातला दोनतृतीयांश कोळसा, पोत्यांत भरून, ज्याची काळी भुकटी विमानाच्या फटीफटीत जायची. हिवाळ्यात वीज दिवसाला काही तासच, टियरगार्टन बागेतली बरीचशी झाडं तर आधीच जळणाला गेली होती. दोन विमानतळ पुरेनात म्हणून टेगेलला तिसरा बांधला, पडक्या घरांच्या विटा फोडून, हजारो बायका कामावर, आणि तीन महिन्यांत धावपट्टी उभी. वर्षभरात १०१ माणसं यात गेली, हेही सांगायला हवं.

एप्रिल १९४९ च्या ईस्टरला टनरने लोकांना चेव आणला, २४ तासांत १,३९८ फेऱ्या, जवळजवळ १३ हजार टन. निव्वळ कोळसा!

१२ मे १९४९, मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने फाटकं उघडली, ट्रक आत आले, लोक रस्त्यावर नाचले. विमानं मात्र थांबली नाहीत, थेट सप्टेंबरअखेरपर्यंत चालूच. भावकीने एकदा वाट अडवली की नंतर उघडली तरी कोठी भरल्याशिवाय कोण झोपतो, म्हणून अजून चार महिने कोळशाचे ढीग लावत बसले.