दोन घरं आणि माळ्यावरचा राऊटर

(डक्टमधून वर सरकणारी केबल)

ऐरोली. ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर ताई, बी विंगच्या पाचव्यावर दादा. फोटोंसाठी पेनड्राइव्ह घेऊन फेऱ्या नकोत, म्हणून दोन घरांचे कॉम्प्युटर केबलने जोडायचे. केबल डक्टमधून वर, गच्चीवरून आडवी, पुन्हा डक्टमधून खाली: 62 मीटर कॅट-6, म्हणजे नेटवर्कची तांब्याची केबल. तांब्याच्या केबलला 100 मीटरपर्यंत मुभा. इमारत एकच म्हणून तांबं. दोन वेगळ्या इमारती असत्या तर फायबरच टाकायला हवी होती, पावसाळ्यातल्या विजेच्या भीतीने.

(क्रिम्पर, बोटं)

केबलच्या आठ तारा, टोकाच्या कनेक्टरमध्ये या क्रमाने: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रम चुकला की कनेक्टर कापायचा. दादांनी तीन कापले.

(दोन लॅपटॉप, राऊटरच्या सेटिंगचं तेच पान)

दोघांचं इंटरनेट वेगवेगळं, राऊटरचा पत्ता मात्र एकच: 192.168.1.1. सिडकोच्या वस्तीत वाढलेल्याला ही भानगड लगेच कळते. बी-12 दर सेक्टरात असतो, सेक्टर लिहिला नाही तर पार्सल भलत्याच दारात. इथे पत्त्यातले पहिले तीन आकडे म्हणजे सेक्टर. म्हणून ताईंचा सेक्टर बदलला: 192.168.1 चा 192.168.2 केला.

(फडक्याने पुसला जाणारा राऊटर)

हा माळ्यावरचा. भंगारात द्यायचा राहून गेला, बरंच झालं! वॅन पोर्ट (एरवी इंटरनेटची तार लागते तो) दादांच्या बाजूला, 192.168.1.250. लॅन पोर्ट (घरातल्या उपकरणांचा) ताईंच्या, 192.168.2.250. नॅट, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून पुढे धाडणं, बंद. मग दोन्हीकडच्या मुख्य राऊटरमध्ये एकेक स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेला रस्ता: पलीकडच्या घराचं काही आलं तर या म्हाताऱ्याकडे धाड. बाकीचं ज्याचं त्याच्या इंटरनेटवर. नवीन खोकं आणलं नाही, आणि आपलेच फोटो बघायला दरमहा कुणाला भाडंही नाही.

म्हाताऱ्याचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ता आणि बाहेरचा रस्ता देणं, बंद करायचं तेवढं राहिलं. एक अख्खी संध्याकाळ ताईंचा मोबाइल दादांच्या इंटरनेटवर चालला होता, कुणाच्या लक्षात आलं नाही.

(काळा स्क्रीन. पिंग, म्हणजे पलीकडच्या कॉम्प्युटरला हाक. उत्तर नाही.)

रूट बरोबर, केबल बरोबर. अडवत होती ताईंच्या विंडोजची फायरवॉल, कॉम्प्युटरच्या दारावरची राखण. फाइल शेअरिंगसाठी ती आपल्याच सबनेटमधल्यांना, म्हणजे आपल्याच सेक्टरातल्यांना, आत घेते; भाऊ झाला म्हणून काय, तो दुसऱ्या सेक्टरातला. नियमात दादांचा सबनेट घातला.

(पिंगचं उत्तर, ओळीखाली ओळ)

जुन्या राऊटरचे पोर्ट 100 एमबीपीएसचेच, फोटोंना पुष्कळ. सोसायटीची परवानगी आधीच काढली होती. पेनड्राइव्हच्या फेऱ्या थांबल्या.

(दादांच्या स्क्रीनवर अण्णा, खाडीपुलाच्या कठड्याशी, छत्री उलटी झालेली. निवेदन नाही.)