न सुटलेला टॉवेल

(एका वसंत व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ फौजदारी वकिलांनी केलेले भाषण, शब्दांकन करून, किंचित संपादित)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय छापलाय 'आत्मसंरक्षणाचा हक्क आणि घराचा उंबरठा'. त्याकडे मी येणार आहे. पण त्याआधी एका टॉवेलबद्दल बोलायचंय. गेली तीस-पस्तीस वर्षं तो माझ्या डोक्यातून जात नाही.

नानावटी खटला तुम्हाला सांगायला नको. इथल्या निम्म्या लोकांनी तो आईवडिलांच्या तोंडून ऐकलाय आणि उरलेल्यांनी पडद्यावर पाहिलाय. तरी उजळणी करतो, कारण ऐकीव नानावटी आणि निकालपत्रातला नानावटी ही दोन वेगळी माणसं आहेत.

२७ एप्रिल १९५९. कमांडर कावस नानावटी, 'आयएनएस म्हैसूर' या युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, घरी आलेले. बायको सिल्व्हिया, मूळची इंग्लंडची, दहा वर्षांचा संसार, तीन मुलं. त्या दुपारी तिने सांगून टाकलं की प्रेम अहुजाशी आपले संबंध आहेत. नानावटींनी बायको-मुलांना मेट्रो सिनेमात सोडलं. तिथून ते बोटीवर गेले आणि भांडारातून एक रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसं मागून घेतली. कारण काय दिलं, माहितीये? रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय! नगरकर मंडळींनी रागावू नये, पण नगरच्या रस्त्याची ख्याती तेव्हा एवढी होती की ते कारण भांडारात चाललं. (हशा)

रिव्हॉल्व्हर एका तपकिरी पाकिटात घातलं. आधी अहुजाच्या ऑफिसात गेले, तो तिथे नव्हता. मग नेपियन सी रोडजवळच्या 'जीवनज्योत' इमारतीत त्याच्या फ्लॅटवर. चार-सव्वाचारची वेळ. नोकराने दार उघडलं, हे थेट बेडरूममध्ये गेले आणि आतून दार लावून घेतलं. अहुजा नुकताच आंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल. थोड्याच वेळात गोळ्यांचे आवाज झाले.

बंद दाराआड काय झालं हे सांगायला एकच माणूस जिवंत राहिला. नानावटींनी सांगितलं ते असं. मी विचारलं, सिल्व्हियाशी लग्न करशील का, मुलांना सांभाळशील का? तो म्हणाला, जिच्या-जिच्याबरोबर झोपलो त्या प्रत्येकीशी लग्न करू का? मी पाकीट कपाटावर ठेवलं आणि त्याला ठोकायला निघालो. त्याने एकदम पाकिटावर झडप घातली. मी रिव्हॉल्व्हर काढलं, त्याला मागे हो म्हटलं. आमची झटापट झाली आणि झटापटीत गोळ्या सुटल्या.

'झटापट' हा शब्द लक्षात ठेवा. लोकांना वाटतं की नानावटींचा बचाव होता, 'बायकोच्या प्रियकराला मारलं, कोणीही मारलं असतं.' ज्युरीपुढचा, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळापुढचा, मुख्य बचाव तो नव्हताच. मी मारलंच नाही, तो हत्यारावर आला, मी ते राखायला गेलो आणि अपघात झाला, हे त्यांचं म्हणणं. प्रक्षोभाचा, म्हणजे अचानक डिवचलं गेल्याने भान सुटलं हा, मुद्दा पर्याय म्हणून होता. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने तासच मोजले. बायकोची कबुली ऐकून घर सोडलं दुपारी दीडच्या सुमाराला, गोळ्या सुटल्या चार वीसच्या आसपास. मधल्या वेळात हा माणूस सिनेमाची सोय करतो, बोटीवर जातो, खोटं कारण देऊन हत्यार घेतो, ऑफिसात शोधतो. 'आकस्मिक' कुठे उरलं?

आता टॉवेल. दोन धट्टेकट्टे पुरुष जिवाच्या आकांताने एका रिव्हॉल्व्हरसाठी झगडतायत. त्यातल्या एकाच्या अंगावर कमरेला गुंडाळलेला टॉवेल आहे, नाडी नाही, बटण नाही. आणि प्रेत सापडलं तेव्हा तो टॉवेल जागच्या जागी होता. सुटला नव्हता, सैलसुद्धा झाला नव्हता. मंडळी, कमरेला टॉवेल गुंडाळून नुसतं मोरीतून खोलीत येताना एक हात गाठीवर असतो. कोणाला शंका असेल तर घरी करून बघा, फक्त दार लावून घ्या. (हशा) सर्वोच्च न्यायालयाने हे आपल्या निकालपत्रात नोंदवलंय. २४ नोव्हेंबर १९६१ चा निकाल, न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलेला. झटापट झाली असती तर टॉवेल असा राहिला नसता. अंगावर मुख्य जखमा तीन: छातीत, डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात आणि डोक्यावर. आणि खाली आल्यावर नानावटी कोणालाही 'अपघात झाला' असं म्हणाले नव्हते.

मला या टॉवेलबद्दल कमालीचा आदर आहे. माणसं बदलतात, साक्षीदार फितूर होतात, पण त्या चार हात कापडाने आपली साक्ष बदलली नाही.

लोकांनी त्याचं काय केलं? 'ब्लिट्झ' साप्ताहिक रूसी करंजियांचं, पंचवीस पैशांचं. या काळात त्याचा अंक दोन रुपयांना विकला जायचा. मुंबईच्या रस्त्यांवर 'अहुजा टॉवेल' आणि खेळण्यातली 'नानावटी रिव्हॉल्व्हर' विकायला आली. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीश मेहतांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० ला जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाशांनी शिक्षेला स्थगिती दिली. त्याच दिवशी! १९६४ साली विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना माफी झाली. पुढे कुटुंब कॅनडाला गेलं.

(चिठ्ठी आली आहे. पंधरा मिनिटं उरली म्हणतात. ठीक आहे.)

एक गणवेशातला, देखणा, उत्तम वकील मिळालेला माणूस. त्याची झटापट खोटी ठरली, तरी समाजाने ती खरी मानली. आता दुसरी झटापट सांगतो. ही माझ्या वाट्याला आलेली.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका जिल्हा न्यायालयात मोफत विधी साहाय्याच्या पॅनेलवर होतो. एक आरोपी बाई, तिशीतली, मजुरीवर जाणारी. नवऱ्याच्या कानशिलावर वरवंटा घातला, एकच घाव, तो गेला. ती स्वतःच चालत पोलीस पाटलाच्या घरी गेली. फिर्याद दिराची: वहिनीने भांडणातून भावाचा खून केला. जेलमध्ये पहिल्या भेटीत ती मला एवढंच म्हणाली, "दादा, त्यानं मान चुलीवर दाबली व्हती." मी विचारलं, आधीही मारायचा का? ती माझ्याकडे बघत राहिली. उत्तर दिलं नाही.

घटनास्थळाचा पंचनामा मी त्या रात्री वाचत बसलो. चूल, पातेलं, सांडलेलं पीठ, वरवंटा. आणि सहाव्या नोंदीत: 'चुलीजवळ हिरव्या रंगाच्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे, नग सात.' बस. पुढे त्या तुकड्यांबद्दल एक अक्षर नाही. वरवंटा सी.ए.कडे, म्हणजे सरकारी रासायनिक विश्लेषकाकडे, गेला, कपडे गेले, तुकडे मुद्देमालाच्या पाकिटातच. तिची वैद्यकीय तपासणी झाली तिसऱ्या दिवशी. शेरा: 'ताज्या जखमा नाहीत.' तिच्या मनगटावर आडव्या बारीक खुणा मी स्वतः पाहिल्या होत्या, तोवर त्यांच्यावर खपली धरली होती.

आणि आता माझी चूक. आम्हा फौजदारी वकिलांना एक सवय असते: आरोपीने काही कबूल करायचं नाही. कलम ३१३ खालच्या (तेव्हाचं कलम) जबाबात, म्हणजे न्यायाधीश आरोपीला थेट विचारतात तेव्हा, प्रत्येक प्रश्नाला 'खोटं आहे', 'माहीत नाही'. मी तिला तेच शिकवलं. वरवंटा तूच मारला का? 'खोटं आहे.' मग युक्तिवादात मी उभा राहिलो आत्मसंरक्षण घेऊन. न्यायाधीशांनी बरोबर तिथेच धरलं: आरोपीने असा बचाव घेतलेलाच नाही. जन्मठेप. उच्च न्यायालयात दुसऱ्या वकिलांनी ते तुकडे बाहेर काढले, आणि मर्यादा ओलांडली तरी बचावच होता हे मान्य होऊन गुन्हा खुनावरून सदोष मनुष्यवधावर आला. तोवर तिची सहा वर्षं आत गेली होती. ती माझ्या सल्ल्यामुळे गेली, हे मी कोणाच्या माथी मारणार नाही.

(अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. मुख्य विषय आता भराभर सांगतो.)

दंडसंहिता १८६० ची, कलम ९६ ते १०६ आत्मसंरक्षणाची. आता तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेत ती ३४ ते ४४ आहेत, शब्द जवळपास तेच. मेकॉलेच्या मंडळाने हा हक्क मुद्दाम सढळ हाताने दिला, कारण इथली माणसं दरोडेखोरांपुढे निमूट मान तुकवतात असं त्यांना वाटायचं. त्यांच्या डोळ्यांपुढचा धोका बाहेरून दार फोडून येणारा होता. जो दाराची किल्ली घेऊन रोज संध्याकाळी येतो, तो त्या चित्रात नाही. म्हणून कोर्ट विचारतं: त्या क्षणी धोका होता का? पोलिसांकडे जायला वेळ होता का? लग्नात असा एकटा क्षण काढून दाखवणं फार कठीण असतं.

पण कायदा तितका बहिरा नाही. कलम १०२, आताचं ४०, म्हणतं की हक्क धोक्याची भीती वाटल्यापासून सुरू होतो आणि भीती आहे तोवर टिकतो. हल्ला सुरू होईपर्यंत थांबा असं ते म्हणत नाही. मुन्शी राम खटल्यात, १९६७ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीने आत्मसंरक्षण तोंडाने मागितलं नाही तरी सरकार पक्षाच्याच पुराव्यातून ते दिसत असेल तर कोर्टाने विचारात घ्यावं. म्हणजे माझ्या त्या सात तुकड्यांना कायद्यात जागा होती. ती मला नीट दाखवून देता आली नाही. लक्ष्मी सिंह खटला, १९७६: आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्ष देत नसेल तर त्याच्या गोष्टीवर संशय घ्यावा. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये आणि गुवाहाटीने २०१३ मध्ये, मंजू लाक्रा प्रकरणात, वर्षानुवर्षं साचत गेलेला प्रक्षोभ मानला. मंजू लाक्राने नवरा ज्या लाकडाने मारत होता तेच हिसकावून मारलं होतं. आणि बचाव सिद्ध करायला आरोपीला सरकारएवढा पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरतं.

समोर कायद्याचे विद्यार्थी बसलेत, त्यांच्यासाठी शेवटचं. नवऱ्याच्या मृत्यूत आरोपी असलेली बाई तुमच्याकडे आली तर जामिनाच्या आधी, पहिल्याच दिवशी, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ५३ खाली वैद्यकीय तपासणीचा अर्ज द्या. मान, मनगट, पाठ, जुने व्रण, सगळं लिहून घ्यायला लावा. पंचनाम्यातली प्रत्येक वस्तू सी.ए.कडे पाठवायची मागणी करा. आणि तिला 'खोटं आहे' शिकवू नका. तिला जे सांगायचंय ते तिच्याच शब्दांत सांगू द्या.

त्या खटल्याच्या निकालपत्राची शेवटची ओळ मला पाठ आहे. 'मुद्देमाल निरुपयोगी असल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करावा.' अपील झालं म्हणून ते पाकीट वाचलं. उच्च न्यायालयात उघडलं तेव्हा आत सातच्या सात तुकडे होते, आणि एकाच्या कडेला वाळलेला तपकिरी डाग. तो कोणाचा, हे तपासायला कोणी पाठवलंच नव्हतं.

वेळ संपली. प्रश्न असतील तर मी खाली थांबतो.