आधी प्रश्न लिहा, व्हिडिओ मागाहून

मित्रहो, पांढरकवड्यात आज प्राध्यापक आणि आयटीआयचे निदेशक एकाच सभागृहात बसले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. ऑनलाइन कोर्स कसा बांधायचा, हे या दोघांनी एकमेकांकडून शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडे कोर्स कसा तयार होतो? पाऊण तासाचं लेक्चर रेकॉर्ड करायचं, पीडीएफ चढवायची, खाली दहा बहुपर्यायी प्रश्न जोडायचे, झालं. माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. कोर्स संपल्यावर पोराला काय करता यावं, ते आधी लिहा. ते त्याला येतं की नाही, हे कळेल असे प्रश्न त्यानंतर. कॅमेरा सगळ्यात शेवटी.

इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्या. ‘थ्री-फेज मोटरची माहिती’ हे काही उद्दिष्ट नव्हे. ‘मोटर नुसती घुमते, फिरत नाही, अशी तक्रार आली तर मेन स्विच बंद करून दोष शोधता यावा’, हे उद्दिष्ट. विजेच्या तीन फेजपैकी एक गेली की मोटर अशीच घुमते आणि तशीच राहू दिली तर वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळते. आपल्या भागातल्या कितीतरी पोरांनी हे घरच्या विहिरीवर पाहिलेलं असतं. मग धडा व्याख्येने कशाला सुरू करायचा? स्टार्टरचा फोटो दाखवा, घुमण्याचा आवाज ऐकवा आणि विचारा, पहिल्यांदा काय करशील? कुणी म्हणेल, झाकण उघडतो. त्याला लाल फुली देऊन मोकळे होऊ नका. मेन चालू असताना आत हात गेला तर काय होईल, ते तिथल्या तिथे सांगा. चुकीचा प्रत्येक पर्याय पोरांच्या खऱ्या गैरसमजातून यायला हवा, आणि ते गैरसमज जुन्या उत्तरपत्रिकांत भरपूर सापडतात. टेस्टर धरायला मात्र वर्कशॉपमध्येच यावं लागेल. ते मोबाइलवर शिकवल्याचा आव कुणी आणू नये.

व्हिडिओ लहान ठेवा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या संकेतस्थळावरच्या कोर्सेसचा 2014 साली अभ्यास झाला, त्यात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सर्वांत जास्त लक्ष देऊन पाहिले गेल्याचं दिसलं. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. घरात मोबाइल एकच असेल, तर तो पोरीच्या हाती रात्री जेवणं आटोपल्यावर येतो. तोच धडा नुसत्या आवाजात आणि मजकुरातही द्या, उतरवून घेता येईल असा. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत असाइनमेंटची शेवटची तारीख ठेवू नका. वेचणीला गेलेली पोरगी आळशी नसते, ती घरची मजुरी वाचवत असते.

‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या कोर्सचे चार भाग ठरलेले आहेत: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि स्वयंमूल्यमापन. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून करायची मुभा महाविद्यालयांना दिली. एवढा मोठा वाटा ऑनलाइन जाणार असेल, तर या चारांतला सर्वांत दुबळा भाग आधी सावरायला हवा, आणि तो म्हणजे चर्चामंच. पोराने सोमवारी शंका विचारली आणि पुढच्या सोमवारपर्यंत कुणी फिरकलंच नाही, तर तो पुन्हा विचारत नाही. इथे बसलेल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे: शंकांना उत्तरं देण्याचे तास शिक्षकाच्या वेळापत्रकात लिहा आणि कार्यभारात धरा. रात्री घरी बसून फुकट करायचं काम म्हणून ते सोडलं, तर ते होणार नाही.