विजयंता: परवान्यातून काय आलं आणि काय राहून गेलं

नगरमध्ये रणगाड्यांवर बोलताना रणगाडा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आर्मर्ड कोअरचं, म्हणजे सैन्याच्या रणगाडा दलाचं, प्रशिक्षण केंद्र इथे आहे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे आहे, आणि टँक म्युझियममधला विजयंता तुमच्यापैकी बहुतेकांनी आपल्या मुलांना नेऊन दाखवलेला आहे. म्हणून मी एकदम प्रश्नावरच येतो. विजयंता हा रणगाडा आपण ब्रिटिश परवान्यावर, पण स्वतःच्या कारखान्यात बनवला, सुमारे २,२०० बनवले. मग त्यानंतरचा रणगाडा आपल्याला पुन्हा परक्या परवान्यावर का बनवावा लागला? आणि त्याच्यानंतरचाही?

ऑगस्ट १९६१मध्ये भारत सरकार आणि ब्रिटनची व्हिकर्स-आर्मस्ट्राँग्ज कंपनी यांच्यात परवान्यावर रणगाडा बनवण्याचा करार झाला. त्या वेळी आपल्याकडे शर्मन होते, सेंच्युरियन होते. सगळे बाहेरून आणलेले. सैन्याला हवा होता चाळीस टनांच्या आतला, १०५ मिलीमीटर तोफेचा आणि देशात बनवता येईल असा रणगाडा. ब्रिटनचा नवा चीफटन या हिशेबात जड होता. व्हिकर्सने मग हाताशी असलेल्या गोष्टींची सांगड घातली. तोफ घेतली एल-७, जी त्या काळी पाश्चात्त्य देशांत सर्वांत भरवशाची मानली जात होती. इंजिन आणि गिअरबॉक्स चीफटनच्या घराण्यातले घेतले. वजन राखायचं म्हणून कवच पातळ ठेवलं, जाडीत जाड ठिकाणी ८० मिलीमीटर. पहिला नमुना १९६३मध्ये तयार झाला आणि सुरुवातीचे रणगाडे न्यूकॅसलच्या एल्सविक कारखान्यातच बांधले गेले.

आपला कारखाना मद्रासजवळ आवडीला उभा राहिला. काँग्रेसच्या १९५५च्या अधिवेशनात समाजवादी समाजरचनेचा ठराव झाला, ते हेच आवडी. करार झाला तेव्हा संरक्षणमंत्री कृष्ण मेनन होते. पुढे चीनचं युद्ध झालं, मेनन पायउतार झाले आणि नोव्हेंबर १९६२मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. संरक्षण उत्पादनासाठी स्वतंत्र विभागही त्याच महिन्यात निघाला. आवडीतून पहिला विजयंता १९६५मध्ये बाहेर पडला, तो यशवंतरावांच्याच कारकिर्दीत. पण त्या सप्टेंबरातलं पाकिस्तानशी युद्ध विजयंताविनाच लढावं लागलं. असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अडवले ते सेंच्युरियन आणि शर्मननी. फिलोरा आणि चाविंडाच्या रणात पूना हॉर्सचे कर्नल तारापोर लढले आणि पडले, तेही सेंच्युरियनमध्ये. तारापोर पुण्यात शिकलेले. हे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आता परवाना म्हणजे हातात नेमकं काय येतं ते पाहू. हजारो ड्रॉइंग येतात. कोणता पोलाद कसा तापवायचा, कसा थंड करायचा याची कोष्टकं येतात. भाग पकडून ठेवायचे आणि मोजायचे साचे, म्हणजे जिग, फिक्श्चर, गेज येतात. आपले कारागीर तिकडे शिकायला जातात, तिकडचे इकडे येतात. आधी सुट्या भागांचे संच आणून जोडणी होते, मग एकेक भाग आपल्याकडे घडू लागतो. याला कमी लेखण्याची एक सवय आपल्याकडे आहे आणि ती मला पटत नाही. जाड चिलखती पत्रा वेल्ड करणं हे फाटक वेल्ड करण्यासारखं काम नाही. पत्रा आधी तापवावा लागतो, नाहीतर सांध्यात तडा जातो, आणि तडा बाहेरून दिसतही नाही. टरेट, म्हणजे तोफेचा बुरूज, ज्या कड्यावर फिरतो त्या कड्याची गोलाई जराशी चुकली, तर तोफ नेम धरूच शकत नाही. साठच्या दशकातल्या भारतात हे काम करू शकणारी माणसं आवडीने घडवली. बाहेरच्या भागांचं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. ही कमाई खरी आहे.

राहून काय गेलं ते समजायला इंजिन उघडावं लागतं. चीफटनसाठी बनवलेलं हे लेलँड कंपनीचं एल-६० इंजिन. सहा उभे सिलिंडर आणि प्रत्येकात समोरासमोर धावणारे दोन पिस्टन, म्हणजे एकूण बारा. वर एक क्रँकशाफ्ट, खाली एक, दोन्ही गिअरने जोडलेले. टू-स्ट्रोक. व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडर हेड नाही. कल्पना जुनी आणि देखणी. जर्मनीच्या युंकर्स कंपनीची विमानं अशा इंजिनांवर उडली होती. पण रणगाड्यासाठी ब्रिटिशांनी ती का उचलली? कारण नाटोने ठरवलं होतं की युद्धात पेट्रोल, रॉकेल, डिझेल, जे मिळेल त्यावर रणगाडा चालला पाहिजे. त्या एका अटीतून हे इंजिन जन्माला आलं. आणि ते सुरुवातीपासून दुखणाईत निघालं. सिलिंडरच्या लायनरना तडे जायचे, सील गळायचे, ठरलेली ताकद मिळायची नाही. चीफटनच्या पायाला हे दुखणं कायमचं बांधलं गेलं.

भारत नाटोत नव्हता. आपलं सैन्य डिझेल वापरणार होतं. म्हणजे ज्या गुणासाठी ही सगळी गुंतागुंत केली, त्या गुणाची आपल्याला गरजच नव्हती. गुंतागुंत मात्र पूर्ण वाट्याला आली, तीही राजस्थानच्या उन्हात आणि धुळीत. विजयंतात या इंजिनाची ताकद उतरवून घेतली होती, साधारण ५३५ अश्वशक्तीपर्यंत. तरी ते तापायचं.

पुढचा भाग माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे. व्हिकर्सने याच रणगाड्याची पुढची आवृत्ती काढली, मार्क ३. केनियाने आणि नायजेरियाने ती घेतली. तिच्यात एल-६० नव्हतं, जनरल मोटर्सचं ७२० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन होतं. मूळ कंपनीने चूक ओळखली आणि बदलली. आपण, त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त रणगाडे बनवणारे, ऐंशीच्या दशकात उत्पादन थांबेपर्यंत जुनंच इंजिन बनवत राहिलो. इंजिन बदलायचं तर गिअरबॉक्स, थंड करण्याची व्यवस्था, हलचा, म्हणजे रणगाड्याच्या धडाचा, मागचा भाग, सगळ्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. तो मांडणारी माणसं व्हिकर्सच्या आराखडा कक्षात होती. आपल्याकडे ड्रॉइंग होतं, पण ती रेघ तिथेच का आहे, किती सरकवली तर चालेल, याची टाचणं आणि फसलेल्या चाचण्यांच्या वह्या आपल्याकडे आल्या नव्हत्या. त्या कुठल्याच करारात मिळत नाहीत. त्या स्वतःच लिहाव्या लागतात.

आपण काहीच बदललं नाही असं मात्र नाही. विजयंताची चेसिस लांबवून तिच्यावर १३० मिलीमीटरची रशियन तोफ बसवली, ती कॅटापल्ट. पूल टाकणारा कार्तिक याच चेसिसवर आला. म्हणजे हिंमत होती आणि हातही होते. प्राधान्य नव्हतं. स्वतःच्या रणगाड्याला, म्हणजे अर्जुनला, मंजुरी मिळाली १९७४मध्ये, करारानंतर तेरा वर्षांनी. तोफ पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने केली, १२० मिलीमीटरची, आणि उत्तम केली. इंजिन जर्मनीहून आलं.

मध्यंतरी सोव्हिएत टी-७२ आला आणि आवडीत अजेय नावाने बनू लागला. मग २००१मध्ये रशियाशी टी-९०चा करार झाला: ३१० रणगाडे, त्यातले १२४ तयार आणि १८६ संचांच्या रूपात. पुढे हजार रणगाडे परवान्यावर बनवायचे ठरले. आवडीत बनलेले पहिले दहा भीष्म (टी-९०चं आपल्याकडचं नाव) सैन्याला मिळाले ते ऑगस्ट २००९मध्ये. एवढी वर्षं का लागली? सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या अहवालांत त्याची उत्तरं आहेत. तंत्रज्ञानाची कागदपत्रं उशिरा आली, बरीचशी रशियन भाषेत होती, आणि तोफेच्या नळीसारख्या नाजूक जागी हवी ती माहिती मिळालीच नाही. चाळीस वर्षांनी आपण त्याच दारात उभे होतो. फरक एवढाच की व्हिकर्सने दार पूर्ण उघडलं होतं.

कोरियाकडे बघा. त्यांच्या के-१ रणगाड्याचा आराखडा अमेरिकेच्या क्रायस्लरने केला, बांधला ह्युंदाईने, ऐंशीच्या दशकात. पुढचा के-२ त्यांनी स्वतः आखला. त्यांनाही इंजिन आणि गिअरबॉक्सने रडवलं. पहिल्या रणगाड्यांत जर्मन इंजिन घ्यावं लागलं, नंतर इंजिन कोरियन झालं तरी गिअरबॉक्स जर्मनच राहिला. पण आराखडा करणारा गट त्यांनी मधल्या काळात विखुरला नाही, आणि २०२२मध्ये पोलंडने त्यांच्याकडून १८० रणगाडे मागवले. परवाना घेण्यात कमीपणा नाही, हे कोरियाने दाखवलं. पहिला परवाना घेतला त्या दिवशीच आपण आराखड्याचा गट बसवायला हवा होता, आणि त्याला पहिलं काम इंजिनाचं द्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आज काय चाललंय? मार्च २०२४मध्ये म्हैसूरला बीईएमएल या सरकारी कंपनीच्या कारखान्यात १,५०० अश्वशक्तीचं भारतीय रणगाडा इंजिन पहिल्यांदा चाचणीसाठी सुरू झालं. आणि मार्च २०२५मध्ये टी-७२साठी १,००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा सुमारे २४.८ कोटी डॉलरचा करार रशियाशी झाला. त्यात आवडीत उत्पादनासाठी तंत्रज्ञान देण्याचं कलम आहे. तुमच्यात कारखान्यात काम केलेले पुष्कळजण आहेत, म्हणून विचारतो. रशियाशी झालेल्या या करारात आपल्या इंजिनिअरांना ड्रॉइंग बदलण्याची मुभा आहे का? आणि बदल केल्यावर तो तपासायला त्यांच्याकडे इंजिन चालवून पाहायचे स्वतःचे टेस्ट बेड, मोडायला चार इंजिनं आणि हाताशी वेळ असेल का?