पडद्यावरची माणसं पोटासाठी काय करतात?

मंडळी, नमस्कार. 'अलीकडे पाहिलेले चित्रपट' असा मोकळाढाकळा विषय संयोजकांनी दिला, त्याबद्दल आभार. फोंडा तालुक्यात चित्रपटावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी कधी ना कधी देवळासमोरच्या मांडवात तोंडाला रंग लावलेला असणार, आणि उरलेल्यांनी त्यांना विंगेतून वाक्यं पुरवलेली असणार. अशा लोकांना अभिनय कसा असतो हे मी काय सांगणार? मी समीक्षक नाही. तिकीट काढून बसणारा माणूस आहे.

नोकरी बँकेत झाली, कॅशियर म्हणून. त्यामुळे सिनेमा पाहताना एक खोड लागली. सिनेमात सूटकेस उघडतात, आत नोटांची बंडलं दिसतात, लगेच सूटकेस बंद करतात. मोजत कोणीच नाही! मी असा विश्वास दाखवला असता तर रोज संध्याकाळी पदरचे पैसे भरून हिशेब मिळवावा लागला असता. या खोडीतून पुढे एक सवय जडली. पडद्यावर माणूस आला की मी आधी बघतो, हा पोटासाठी काय करतो? आणि ते काम त्याच्या हाताला येतं का? प्रेमात तो कसा पडतो, मरतो कसा, हे नंतर.

गोव्याच्या माणसाला हा प्रश्न जास्तच टोचतो. हिंदी सिनेमातल्या गोव्यात काम करताना कोण दिसतं? ग्लास आणून ठेवणारा एक, गिटार वाजवणारा एक आणि दुपारपासून झिंगलेला एक. प्रत्यक्षात याच हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याची माणसं वर्षानुवर्षं व्हायोलिन, ट्रम्पेट वाजवत होती, स्वरलेखन करत होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. 1977 साली त्यांचं नाव 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गाण्यातून देशभर गाजलं, पण पडद्यावर ते नाव लावून आला तो अंड्यातून बाहेर पडणारा विनोदी नायक. या वादकांचं जग बारड्रॉय बार्रेटो यांनी 'नाचोम-इया कुम्पासार' या कोकणी चित्रपटात दाखवलं तेव्हा आपल्याकडचे लोक सहकुटुंब का लोटले, हे सांगायला नको.

आता अलीकडच्या चित्रपटांकडे येतो. सुरुवात दूरच्या देशापासून करतो. विम वेंडर्स यांचा 'परफेक्ट डेज' हा 2023 चा चित्रपट. हिरायामा नावाचा एक प्रौढ माणूस टोकियोत सार्वजनिक शौचालयं साफ करतो. सिनेमाभर जवळजवळ एवढंच. सकाळी उठतो, अंथरुणाची घडी घालतो, झाडांना पाणी घालतो, गाडीत जुनी कॅसेट लावतो आणि कामाला जातो. भांड्याच्या कडेखालची घाण दिसावी म्हणून हातात छोटा आरसा धरतो. त्या आरशाने मला जिंकलं. कोणी तपासायला येणार नाही अशा जागी माणूस आरसा धरून बघतो! कोजी याकुशो यांना या भूमिकेसाठी कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. ते नसतं मिळालं तरी माझं मत बदललं नसतं.

दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मात्र मनात खुट्ट झालं. या सिनेमात घाण दिसतच नाही. मोठमोठ्या वास्तुविशारदांनी बांधलेली देखणी शौचालयं, एकाच्या काचा आतून कडी लावल्यावर अपारदर्शक होणाऱ्या. ती शहरातल्या एका खास प्रकल्पातली आहेत, आणि वेंडर्स यांना मुळात बोलावलं होतं ते त्या प्रकल्पासाठी. त्यात हिरायामाची बहीण ड्रायव्हर असलेल्या गाडीतून येते. म्हणजे हा मोठ्या घरातला माणूस, हे काम त्याने स्वतः पत्करलेलं. आपल्याकडे हे काम कोणी पत्करतं का? आपल्याकडे ते जन्माबरोबर गळ्यात पडतं. माझी मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही जपानच्या सिनेमाला भारताचा जाब विचारताय. तिचं चूक नाही. पण खुट्ट झालं ते झालं.

त्याच आठवड्यात मी 'कोर्ट' पुन्हा लावला. चैतन्य ताम्हाणे यांचा 2014 चा चित्रपट, व्हेनिसला गाजलेला, पुढे राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळवलेला. अलीकडचा म्हणता येणार नाही, पण मी अलीकडे पाहिला, आणि संयोजकांनी दिलेल्या विषयात तेवढी फट आहे. गटारात उतरणारा एक सफाई कामगार गुदमरून मेला. तुमच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप एका लोकशाहिरावर आहे. शाहीर झालेत वीरा साथीदार. हा माणूस 2021 मध्ये कोविडने गेला. त्या मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते. भूमिका करणारी बाई खरोखरच एका सफाई कामगाराची विधवा आहे. ती सांगते, उतरण्याआधी नवरा झुरळ दिसतंय का ते बघायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, नाहीतर विषारी वायू. आणि दारू पिऊन उतरायचा, कारण शुद्धीत तो वास सहन होत नाही. हे सगळं ती सपाट आवाजात सांगते. डोळ्यांत पाणी नाही, पार्श्वभूमीला सारंगी नाही. जपानच्या त्या आरशाशेजारी हे झुरळ ठेवून बघा.

'कोर्ट'मधलं दुसरं काम मला या वेळी जास्त दिसलं, ते सरकारी वकीलबाईंचं. गीतांजली कुलकर्णी. कोर्टात कलमांवर कलमं एका दमात वाचतात, लोकलमध्ये शेजारणीशी साडीच्या गप्पा मारतात, मुलाला घेऊन घरी येतात, स्वयंपाक करतात, वाढतात. एका माणसाला तुरुंगात ठेवायचा आग्रह धरणारी बाई इतकी आपल्या घरातली निघते. दिग्दर्शक तिला राक्षसीण करत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे खलनायकांकडे येणार आहे.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मी पणजीच्या चित्रपटगृहात पाहिला. आपल्याकडे नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असते तेव्हा जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात पाय ठेवायला जागा नसते, गळ्यात कार्ड अडकवलेली माणसं रांगा लावतात. एरवी अशा सिनेमाला आपण जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 2004 पासून महोत्सव आपल्या दारात आहे, पण वर्षभराचा प्रेक्षक त्यातून घडला का, हा प्रश्न मी इथे फक्त टाकून ठेवतो. या सिनेमाला 2024 मध्ये कानला ग्राँ प्री मिळालं, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचला तोच तीस वर्षांनी.

मुंबईतल्या दोन मल्याळी परिचारिका, प्रभा आणि अनू, आणि त्यांच्याच इस्पितळात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची पार्वती. प्रभाचा नवरा लग्नानंतर जर्मनीला गेलेला, फोनसुद्धा येत नाही. एक दिवस तिकडून भात शिजवायचा कुकर येतो. कोणी पाठवला ते लिहिलेलं नाही. रात्री ती त्या कुकरला मिठी मारून बसते. दुसरा कोणी असता तर इथे गाणं घातलं असतं. कनी कुसृती नुसती बसते.

माझ्या मोजपट्टीत हा सिनेमा पुरा उतरला तो मात्र पुढे, कोकणात. समुद्रावर एक माणूस बुडून वाहत येतो. गर्दी जमते, प्रभा पुढे होऊन त्याच्या छातीवर दाब देते, तोंडाने श्वास देते. तिथे ती बिचारी एकाकी बायको राहत नाही. तिचे हात परिचारिकेचे आहेत, आणि डोकं विचार करायच्या आत ते कामाला लागतात. पुढे तिच्या मनात जे उलगडतं त्याचा रस्ता या कामातून जातो. उत्तरार्ध स्वप्नाळू झाला अशी तक्रार मी ऐकली आहे. मला ती पटत नाही.

आणि छाया कदम! 'लापता लेडीज'मध्ये ही बाई रेल्वे फलाटावर चहाचा ठेला चालवत होती. इथे पार्वती. नवरा गेलेला, राहत्या जागेचे कागद तिच्याकडे नाहीत, बिल्डर बाहेर काढायला टपलेला. आपण गोव्यातले लोक हे बघताना हसून दुर्लक्ष करू शकत नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर असलेला मुंडकार आपल्या गावागावांत आहे. त्याला संरक्षण देणारा कायदा 1975 मध्ये आला, तरी घराचा तुकडा नावावर करून घेण्यासाठी मामलेदाराकडे खेटे घालणारी माणसं अजून आहेत. बँकेत कर्जाला यायची, घर दाखवायची आणि कागद विचारला की गप्प व्हायची. पार्वती बिल्डरच्या फलकावर दगड मारते तेव्हा माझ्या मागच्या रांगेतून कोणीतरी कोकणीतून जे बोललं ते व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही, पण ते योग्य होतं.

'स्थळ'बद्दल थोडक्यात. जयंत सोमलकर यांनी स्वतःच्या विदर्भातल्या गावी, गावच्याच माणसांना घेऊन हा सिनेमा केला. सविता शिकतेय, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि घरात एकामागून एक पाहुणे तिला बघायला येतायत. तोच पाट, तेच प्रश्न, तेच पोहे. एक प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवण्याची ही युक्ती मध्यावर मला थोडी कंटाळवाणी वाटली. मग कळलं की कंटाळा यावा हीच योजना आहे, तरीही दहा मिनिटं कमी चालली असती. मला धरून ठेवलं ते बापाने. घरात कापूस आहे, त्याला भाव नाही, आणि भाव नाही म्हणून हुंडा नाही. मुलीचं लग्न आणि कापसाचा दर एका दोरीत बांधलेला बाप मराठीत पूर्वीही आला असेल, पण त्याच्या तोंडी भाषण नाही असा क्वचित.

'साबर बोंडं'ने माझी मोजपट्टीच मोडली. रोहन कानवडे यांचा पहिला चित्रपट, 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालेला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील वारल्यावर गावी येतो. दहा दिवसांचं सुतक. म्हणजे काम बंद! आता मी काय बघणार? काय घालायचं, काय खायचं, कोणी कुठे बसायचं याचे नियम सांगायला नातेवाइकांची रांग. त्यात प्रत्येकाचा एकच प्रश्न, लग्न कधी? आनंदला पुरुष आवडतात. आईला ते ठाऊक आहे, आणि ती त्याच्या बाजूने आहे. बालपणीचा मित्र बाळ्या गावात शेती सांभाळतो, शेळ्या राखतो. तोही बिनलग्नाचा, त्याच्याही मागे तोच तगादा.

कॅमेरा बहुतेक वेळा जागचा हलत नाही. पार्श्वसंगीत नाही. सुतकाच्या घरात वेळ जसा पसरून राहतो तसाच तो इथे पसरतो. आपल्याकडे गावच्या घरात दहा दिवस काढलेल्या कोणालाही ते ओळखीचं वाटेल. सोप्यावर बसलेले लोक, आतून येणारा भांड्यांचा आवाज, मधेच कोणीतरी गेलेल्या माणसाबद्दल भलतंच काहीतरी सांगतं आणि सगळे हसतात. बाळ्या त्याला साबर बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं, आणून देतो. प्रेमाचं एवढं साधं, काटेरी आणि हाताला लाल डाग पाडणारं रूप मी मराठी पडद्यावर पाहिलं नव्हतं. माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा घसा खाकरला, मला वाटलं उठून जाणार. शेवटपर्यंत बसले. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "आई चांगली आहे." मी त्यांना पुढे काही विचारलं नाही.

राहिला 'दशावतार'. सुबोध खानोलकर यांचा, सप्टेंबर 2025 चा. पेडणे, डिचोलीकडच्या लोकांनी तो दोन-दोनदा पाहिला, आणि का पाहू नये? ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री या दशावतारी नटाच्या भूमिकेत. डोळे अधू होत चाललेत, मुलगा थांबायला सांगतो, हा थांबत नाही. रंग लावतानाची त्यांची बोटं बघा. डोळ्यांनी साथ सोडली तरी बोटांना चेहरा पाठ आहे. काम हाताला येणं म्हणतात ते हेच. तेवढ्यासाठी मी तो सिनेमा पुन्हा बघेन.

पण उत्तरार्धात खाण येते, खाणवाले येतात, आणि ते नखशिखान्त दुष्ट. टाळ्या पडतात. मला टाळी वाजवता आली नाही. मी डिचोलीच्या शाखेत काही वर्षं काढली आहेत. खनिजाने काय केलं ते मी पाहिलंय: लाल झालेले ओहोळ, शेतात उतरलेला गाळ, आटलेल्या विहिरी. पण 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या काउंटरसमोर उभे राहिले ते याच गावांतले ट्रकवाले. शेत गाळाने गेलं म्हणून कर्ज काढून ट्रक घेतला, आता ट्रक दारात उभा आणि हप्ता चालू. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींची 88 लीझ रद्द केली तेव्हा पुन्हा तीच गत. एकाच घरात थोरला भाऊ खाणीविरुद्ध सह्या गोळा करतोय आणि धाकट्याची खनिज वाहणारी बार्ज मांडवी नदीत नांगरलेली. यातला खलनायक कोण, हे अडीच तासांत ठरवता येत असेल तर मला त्या दिग्दर्शकाचा हेवा वाटेल. 'कोर्ट'मधल्या वकीलबाईंसारखा एखादा खाणमालक, संध्याकाळी घरी येऊन नातीचा अभ्यास घेणारा, आपल्या सिनेमात अजून यायचाय. लक्ष्मीकांत शेटगावकर यांनी 'पल्तडचो मुनिस'मध्ये वनरक्षकाची गोष्ट सांगताना गावालाही सोडलं नव्हतं, म्हणजे आपल्या मातीत हे जमतं.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा प्रश्न असतील तर घेऊ. फक्त 'दशावतार'चा शेवट कोणी विचारू नका. पहिल्या रांगेतल्या वहिनींनी तो अजून पाहिलेला नाही, आणि त्या मघापासून माझ्याकडे डोळे वटारून बघतायत.