पायाखालची जमीन खाली जात राहते

सुरुवातीला तसं काहीच वाटत नाही. अमेरिकेतलं एक स्मारक, गंजल्या रंगाच्या स्टीलचे खांब, साधारण माणसाएवढे उंच, आपण त्यांच्यामधून चालतोय, प्रत्येकावर एका काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, नाव आणि त्याखाली माणसांची नावं आणि तारखा. काही ठिकाणी तर नावसुद्धा नाही, नुसतंच 'अननोन'. हात लावून वाचता येतात. आणि मग कधीतरी लक्षात येतं की अरे, आपण तर उतरतोय. जमीन हळूहळू खाली चाललीय पण खांब आहेत तिथेच आहेत, कारण ते उभे नव्हतेच, वरून टांगलेले होते, आणि थोडं पुढे गेलं की ते सगळेच्या सगळे आपल्या डोक्यावर लटकत असतात.

आता मान वर करून बघावं लागतं. लिंचिंग, म्हणजे जमावाने माणसाला पकडून मारणं, अनेकदा झाडाला टांगून, ते बघायला जमलेली गर्दी अशीच मान वर करून उभी असायची.

हे मॉन्टगोमेरी, अमेरिकेतलं अलाबामा राज्य. २०१८ मध्ये हे स्मारक सुरू झालं. वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांच्या इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेने ते उभं केलं, डिझाईनमध्ये मास डिझाईन ग्रुप हा आर्किटेक्टांचा गट सोबत होता. १८७७ ते १९५० या काळात जमावाने मारलेल्या ४,४०० पेक्षा जास्त कृष्णवर्णीय माणसांसाठी ८०० च्या वर खांब आहेत. पण आकडे मी आत्ता सांगतोय, तिथे आधी उतार बोलतो आणि आकडे मागून येतात, आणि मला वाटतं सगळं डिझाईन या क्रमातच आहे.

पण नुसता उतार पुरत नाही. अंगावर काटा येतो आणि बाहेर पडेपर्यंत जातोही. रडू येणं आणि कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगल्या आर्किटेक्टला यातली दुसरी गोष्ट जास्त छळत असणार. म्हणून मॉन्टगोमेरीत, खांब डोक्यावर असतानाच, बाजूला छोट्या छोट्या ओळी वाचायला मिळतात. कुणाला का मारलं ते. १९२२ मध्ये मिसिसिपीत एकाला मारलं कारण त्याच्याजवळ एका गोऱ्या बाईचा फोटो होता. बस, एवढंच. एक ओळ वाचायची, पुढे जायचं, मग दुसरी. दोनचार ओळी झाल्या की ही सगळी एखाद्या वेड्या माणसाची कृत्यं होती असं म्हणायची सोयच राहत नाही, कारण मारणारे शेजारी होते, दुकानदार होते, दिवसाढवळ्या लोक पोराबाळांना घेऊन बघायला यायचे.

बाहेर आलं की तेच खांब परत दिसतात, पण आडवे, जमिनीवर ओळीने ठेवलेले. प्रत्येक खांबाची ही दुसरी प्रत आहे. कल्पना अशी की प्रत्येक काउंटीने यावं, आपला इतिहास मान्य करावा आणि आपला खांब आपल्या गावी नेऊन उभा करावा. ज्यांनी नेला नाही त्यांचा तिथेच पडून राहतो, सगळ्यांना दिसेल असा. मला हे फार धाडसाचं वाटतं, कारण स्मारक म्हटलं की एकदा फीत कापली की विषय संपतो, इथे तो मुद्दाम अर्धवट ठेवलाय.

बर्लिनमध्ये थोडं उलटं घडलं. आर्किटेक्ट पीटर आयझेनमन यांचं, नाझींनी मारलेल्या युरोपातल्या ज्यूंचं स्मारक, २००५ साली उघडलं. २,७११ काँक्रीटचे ठोकळे, त्यांच्यावर नाव नाही, तारीख नाही, काहीच नाही. कडेला ते गुडघ्याएवढे, त्याहूनही बुटके, आणि आत शिरत गेलं की साडेचार मीटरच्या वर जातात, जमीन खालीवर होते, सोबतचा माणूस एका वळणावर दिसेनासा होतो. एकटेपणा शरीराला कळतो हे खरंच. पण उन्हाच्या दिवशी याच ठोकळ्यांवर लोक बसून खातात, उड्या मारतात, सेल्फी काढतात. मला त्या लोकांचा रागही पूर्ण येत नाही, कारण ठोकळा स्वतःहून काही सांगत नाही. म्हणूनच जमिनीखाली माहिती केंद्र हवं असा आग्रह झाला, आयझेनमन यांना ते आधी नको होतं. माझ्या मते तो आग्रह बरोबर होता. खाली एका अंधाऱ्या खोलीत एकेक नाव भिंतीवर येतं आणि त्या माणसाची चार ओळींची गोष्ट वाचली जाते. सगळ्यांची वाचायची म्हटली तर साडेसहा वर्षांहून जास्त लागतील. मारले गेलेले ६० लाख ज्यू म्हणजे किती, हे मला त्या साडेसहा वर्षांमुळे पहिल्यांदा जरा कळलं.

नॉर्वेचं सांगायलाच हवं. २२ जुलै २०११, उटोया बेटावर तरुणांचं राजकीय शिबिर चालू होतं, तिथे एका उजव्या अतिरेक्याने गोळीबार करून ६९ जणांचा जीव घेतला, त्याआधी ऑस्लोत बॉम्ब लावून ८ जणांना मारलं होतं. त्यानंतर स्मारकासाठी योनास डालबर्ग या कलाकाराची कल्पना निवडली गेली, समोरच्या किनाऱ्यावरचं एक भूशिर साडेतीन मीटर रुंद आरपार कापायचं, जमिनीलाच जखम. जगभर वाहवा झाली. पण त्या किनाऱ्यावर राहणारी माणसं तीच होती ज्यांनी त्या दिवशी होड्या घालून पोरांना पाण्यातून ओढून काढलं होतं, आणि ती म्हणाली की ही जखम आम्ही रोज खिडकीतून बघायची का? २०१७ मध्ये प्रकल्प रद्द झाला. कल्पना सुंदर होती, मी नाही म्हणत नाही, पण दुःख कुणाच्या अंगणात ठेवायचं हे त्यांना विचारायला हवं होतं.

बेटावर मात्र वेगळं काम झालं. जिथे १३ जण गेले ते कॅफे पाडायचं की ठेवायचं यावर मेलेल्यांच्या घरच्यांमध्येच दोन मतं होती. शेवटी त्याचा एक भाग तसाच ठेवला आणि त्याच्याभोवती नवीन लाकडी घर बांधलं, २०१६ मध्ये. नाव हेग्नहुसेट. छत पेलणारे खांब ६९, मेलेल्यांइतके. बाहेरून वेढणारे बारीक खांब ४९५, वाचलेल्यांइतके. आणि आत आज शाळेची मुलं येतात, लोकशाहीवर, द्वेषावर वर्कशॉप करतात, भांडतात, प्रश्न विचारतात. त्याच घरात ते कॅफे आहेच.

आणि शेवटी जर्मनीत हॅम्बर्गमधलं हार्बुर्ग. १९८६, योखेन गेर्त्स आणि एस्थर शालेव्ह-गेर्त्स हे दोन कलाकार. फॅसिझमविरुद्धचा १२ मीटरचा खांब, बाहेरून मऊ शिशाचा पत्रा, सोबत टोकदार सळई, आणि निमंत्रण की या, आपलं नाव कोरा. शांत बाग मिळत होती, त्यांनी ती नाकारून बाजाराची गजबजलेली जागा घेतली. पोहोचेल तेवढा भाग नावांनी भरला की खांब थोडा जमिनीत उतरवायचा. लोकांनी नावं कोरली. शिव्याही कोरल्या. स्वस्तिकंही, नाझींची. बरेच लोक चिडले की स्मारक विद्रूप झालं, पण कलाकारांनी काहीही पुसलं नाही, कारण शहर स्वतःबद्दल जे लिहीत होतं ते तसंच राहायला हवं होतं.

१९९३ मध्ये खांब पूर्ण खाली गेला. आता वर फक्त एक चौकोन उरलाय, लोक खरेदीच्या पिशव्या घेऊन त्यावरून जातात. पायऱ्या उतरून खाली गेलं तर एका काचेमागे खांबाचा तुकडा दिसतो. त्यावर ओरखडे आहेत, एकावर एक, आणि त्यातलं नाव कुठलं आणि शिवी कुठली हे शोधायला काचेला नाक लावावं लागतं.