हिर्टा: डोंगरभर दगड

या फिल्ममधला वाऱ्याचा आवाज आम्ही मुद्दाम तसाच ठेवलाय. तो पुसला की सेंट किल्डाचं चित्र खोटं वाटायला लागतं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आऊटर हेब्रिडीज या बेटांच्या रांगेच्याही पलीकडे साठ-पासष्ट किलोमीटर भर अटलांटिकमध्ये ही बेटं आहेत. त्यातलं सर्वांत मोठं हिर्टा. उपसागराच्या कडेनं वळत गेलेली एकच गल्ली आणि १८६० च्या दशकात बांधलेली सोळा घरं. बहुतेकांच्या नुसत्या भिंती उरल्यात.

फोटो काढायला आलेला माणूस आधी या घरांकडेच वळतो. आम्हीही वळलो. पण जरा वर बघा. उतारावर हे जे दगडांचे ढीग वाटतायत, ते ढीग नाहीत, कोठारं आहेत. इथे त्यांना 'क्लेट' म्हणतात. एकट्या हिर्टावर बाराशेहून जास्त! चुना नाही, माती नाही. दगडावर दगड आणि वर गवताचं ढेकूळ. भिंतीच्या फटीत बोट घातलं की पलीकडून येणारा वारा लागतो. फटी ठेवल्याच त्यासाठी. छपरानं पाऊस अडवायचा आणि वाऱ्यानं आतले पक्षी, अंडी सुकवायची. पुरुष दोराला लटकून कड्यावरून फुल्मार आणि गॅनेट हे समुद्रपक्षी पकडून आणत, आणि जमीनदाराचा खंड पिसांतही भरला जाई.

म्हणून याला 'अस्पर्श निसर्ग' म्हणणं मला पटत नाही. हे राबून राबून घडवलेलं रान आहे.

१८५२ मध्ये छत्तीस जण ऑस्ट्रेलियाला निघून गेले. १८७७ पासून उन्हाळ्यात पर्यटकांच्या आगबोटी यायला लागल्या, त्यांच्याबरोबर कॅमेरेही आले. जुन्या एका फोटोत गल्लीत पुरुष ओळीनं उभे दिसतात. आज कुठलं काम करायचं, हे ठरवणारी ती रोज सकाळची बैठक. पहिल्या महायुद्धानंतर तरुण बाहेर पडत गेले, आणि पुढे दोर धरायलाच हात कमी पडायला लागले. १९३० मध्ये गावानंच सरकारला लिहिलं, आम्हाला इथून हलवा. २९ ऑगस्टला शेवटचे निघाले. तेही छत्तीसच.

गवत इतकं बारीक कसं, असं वाटेल. दोन वर्षांनी शेजारच्या सोय बेटावरून आणून सोडलेल्या मेंढ्यांचं ते काम.

आता हा डोंगरमाथा. वर लष्कराचं रडार आहे. बरेच जण ते फ्रेमबाहेर ठेवतात. आम्ही ठेवलेलं नाही. त्याच्या खाली, डावीकडे, मोजून बघा: अकरा क्लेट.